धातुकाचेचा उजेड मोजताना

चांगला आरसा हवा असेल तर धातुकाचेच्या वाटेला जाऊ नये. चांदी दृश्य प्रकाशाचा पंचाण्णव टक्क्यांच्या वर भाग परत पाठवते, ॲल्युमिनियम नव्वदीच्या आसपास. झिर्कोनियमवर आधारलेली धातुकाच कितीही घासून लख्ख केली तरी साठीच्या पुढे फारशी सरकत नाही. तरीही या मिश्रधातूंवर प्रकाश टाकायचा आणि परत काय येते ते मोजायचे, हा उद्योग पाच दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्याचे निष्कर्ष वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. मोजलेला आकडा बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या काही नॅनोमीटरांबद्दल बोलत असतो, खालच्या मिश्रधातूबद्दल त्याला सांगण्यासारखे थोडेच असते. आणि प्रकाशाच्या व्यवहारात या पदार्थाने जी काही कमाई केली ती चकाकीच्या जोरावर केलेली नाही, एकसारखेपणाच्या जोरावर केली. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत सतत विसरली जाते आणि दुसरी उशिरा लक्षात आली.

काच म्हटल्यावर तावदाने डोळ्यांपुढे येतात, म्हणून आधीच सांगून टाकतो की धातुकाच साफ अपारदर्शक असते. काचेशी तिचे नाते अणूंच्या मांडणीपुरते. नेहमीच्या धातूत अणू रांगेने बसलेले असतात आणि अशा रांगांचे असंख्य छोटे स्फटिककण एकमेकांना चिकटून धातूचा तुकडा तयार होतो. धातुकाचेत रांग नाही, कण नाहीत, त्यामुळे कणांमधल्या सीमाही नाहीत. वितळलेल्या धातूतला गोंधळ जसाच्या तसा थिजवलेला असतो.

हे पहिल्यांदा साधले १९६० साली, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. पोल डुवेझ, क्लेमेंट आणि विलेन्स या तिघांनी शंभरात पंचाहत्तर अणू सोन्याचे आणि पंचवीस सिलिकॉनचे अशा वितळलेल्या थेंबाला थंड तांब्यावर आपटवले. थंड होण्याचा वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरातला होता. डुवेझ शोधायला निघाले होते वेगळेच: तांबे आणि चांदी घन अवस्थेत सगळ्या प्रमाणांत एकमेकांत का विरघळत नाहीत, हे त्यांचे मूळ कोडे. हाती आला तो सोन्या-सिलिकॉनचा वेडावाकडा, पातळ पापुद्रा, आणि तोही खोलीच्या तापमानाला फार काळ टिकणारा नव्हता. त्याच्यावर प्रकाशाचे नीट मोजमाप करणे दूरच राहिले.

या क्षेत्राचा मोजमापाचा इतिहास म्हणजे मुख्यतः नमुन्याचा इतिहास आहे. सत्तरच्या दशकात फिरत्या तांब्याच्या चाकावर वितळलेल्या धातूची धार सोडून लांबच लांब फिती काढायची पद्धत रुळली. फितीची जाडी वीस ते चाळीस मायक्रॉन, रुंदी सुरुवातीला जेमतेम काही मिलिमीटर. पुढे सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोए यांनी आणि कॅलिफोर्नियात विल्यम जॉन्सन व अताकान पेकर यांनी सावकाश थंड केल्या तरी न गोठता काच बनणाऱ्या मिश्रधातू शोधल्या. १९९३ सालची व्हिट्रेलॉय-१ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध: झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम. तिचे काही सेंटिमीटर जाडीचे ठोकळे ओतता येऊ लागले. सपाट करून, घासून, पॉलिश करून यंत्राखाली ठेवता येईल असा तुकडा तेव्हा कुठे मिळाला.

आता या मिश्रधातू दिसतात कशा? जवळपास सगळ्या पोलादी करड्या. पॅलेडियमची घ्या, निकेल-निओबियमची घ्या, झिर्कोनियमची घ्या, नवख्याला फरक सांगता येणार नाही. हा करडेपणा समजायला पॉल द्रूद यांचे १९०० सालचे साधे चित्र पुरते. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे हलतात आणि तोच प्रकाश पुन्हा बाहेर फेकतात. दोन टकरींमध्ये इलेक्ट्रॉनला जितकी उसंत मिळेल तितके परावर्तन चांगले. चांदीत ही उसंत सेकंदाच्या एक हजार अब्जांश भागाच्याही काही शतांशांइतकी असते. ऐकायला ती नगण्य वाटते, पण दृश्य प्रकाशाच्या आंदोलनाच्या मानाने ती ऐसपैस आहे. धातुकाचेत इलेक्ट्रॉनला अणूंची सरळ गल्ली मिळतच नाही. एका अणूपासून शेजारच्या अणूपर्यंत जावे तोच टक्कर होते, आणि उसंत चांदीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास येते. त्यामुळे अवरक्ताकडून अतिनीलाकडे जाताना परावर्तन हळूहळू, कुठेही खास वळण न घेता उतरत जाते. रंग दिसायला असे वळण लागते. ते नसले की उरतो करडा.

विद्युतरोधाशी याचा थेट संबंध आहे. चांदीची रोधकता साधारण १.६ मायक्रो-ओहम-सेंटिमीटर, झिर्कोनियमच्या धातुकाचांची १५० ते २०० च्या पट्ट्यात. एर्न्स्ट हागेन आणि हाइनरिख रूबेन्स यांनी १९०३ मध्ये दाखवले की लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात धातू किती प्रकाश शोषेल, हे नुसत्या रोधकतेवरून सांगता येते. त्यांचे सूत्र दहा मायक्रॉनला लावून पाहिले तर तांब्याचे शोषण दीड टक्का येते आणि १८० रोधकतेच्या धातुकाचेचे साडेपंधरा टक्के. म्हणजे प्रकाशयंत्राला हातही न लावता, चार तारा जोडून अवरक्तातला अर्धा निकाल सांगता येतो. अनेक शोधनिबंधांत हा पडताळा घेतलेला नसतो, याचे मला आश्चर्य वाटते. अवरक्तात मोजलेले परावर्तन रोधकतेशी जुळत नसेल तर बहुधा नमुन्याच्या पृष्ठभागात खोट असते.

द्रूदच्या चित्राबाहेरचा भाग अधिक रंजक आहे. स्फटिकात प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायची तर संवेगाचा कडक नियम पाळावा लागतो. ठरावीक उड्याच चालतात, म्हणून शोषणाच्या वर्णपटात टोकदार शिखरे उमटतात. ॲल्युमिनियमच्या परावर्तनात ८०० नॅनोमीटरच्या आसपास जो खड्डा दिसतो तो अशाच उड्यांचा. रांगा मोडल्या की नियमही सैल होतो. पुरेशी ऊर्जा असेल तर जवळपास कुठूनही कुठेही उडी मारता येते, आणि शिखरे पसरून टेकाडे होतात. वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या मोजमापांत तो खड्डा नाहीसा होतो. धातुकाचेत घडते तेही याच जातीचे. याचा फायदा असा की धातुकाचेचा वर्णपट इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत हे थोडेफार सरळ सांगतो. १९७५ मध्ये सिडनी नेगल आणि यान टाउक यांनी असा विचार मांडला की काही मिश्रधातू काच म्हणून टिकतात त्याचे एक कारण इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात आहे: फर्मी पातळीपाशी, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्या जिथे संपतात तिथे, जागा विरळ झाल्या की अव्यवस्थित मांडणीही ऊर्जेच्या दृष्टीने परवडते. टाउक हे मूळचे प्रकाशीय गुणधर्मांचे अभ्यासक. अर्धवाहकांत काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या नावाचा आलेख ठाऊक असतो. या कल्पनेचा पडताळा घ्यायला परावर्तनाची मोजमापे कामी आली. आज हे स्पष्टीकरण सगळ्या धातुकाचांना लागू पडते असे कोणी म्हणत नाही. अणूंच्या आकारातला फरक आणि त्यांची घट्ट बसण्याची क्षमता यांना अधिक वजन दिले जाते. पण प्रकाशाने या पदार्थाच्या पोटात डोकावण्याचा तो सर्वांत गंभीर प्रयत्न होता.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे.

फितीपासून सुरुवात केली तर पहिली पंचाईत अशी की तिला दोन बाजू असतात. चाकाला टेकलेली बाजू मंद दिसते, कारण धातू आणि चाक यांच्यामध्ये अडकलेल्या हवेने तिथे बारीक खळगे पाडलेले असतात. हवेकडची बाजू चकचकीत असते, पण तीही लाटांची. एकाच फितीच्या दोन बाजूंचे परावर्तन वेगळे आले तर नवल नाही. निबंधात बाजूचा उल्लेख नसेल तर मात्र तो आकडा बाजूला ठेवावा. अरुंद फिती शेजारीशेजारी चिकटवून मोठा पृष्ठभाग केला तर फटींतून प्रकाश गळतो आणि प्रत्येक फितीचा कोन किंचित वेगळा पडतो. अलीकडे प्रकाशाचा ठिपका मिलिमीटरच्या अंशाइतका बारीक करता येतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे.

ठोकळ्याचे पॉलिश हे वेगळे शास्त्र आहे. आधी सिलिकॉन कार्बाइडचे कागद, मग हिऱ्याची पेस्ट, शेवटी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव. खडबडीतपणा किती चालेल याचा हिशेब सोपा आहे. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात पृष्ठभागाचा सरासरी चढउतार पाच नॅनोमीटर असेल तर साधारण एक टक्का प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. तोच वीस नॅनोमीटर असेल तर सोळा-सतरा टक्के. साध्या डोळ्याला दोन्ही नमुने आरशासारखेच दिसतात. तरंगलांबीनुसार परावर्तन मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोल जोडला तर विखुरलेला प्रकाशही गोळा होतो. गोल नसेल तर तो प्रकाश हरवतो, आणि मग धातूने प्रकाश शोषला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शेवटच्या पॉलिशचा द्रव बहुधा अल्कधर्मी असतो. पाच घटकांच्या मिश्रधातूतला एखादा घटक त्यात इतरांपेक्षा जास्त विरघळला की वरच्या थराची रचनाच बदलते. अशा वेळी मोजली जाते ती वेगळीच मिश्रधातू.

हा वरचा थर इतका महत्त्वाचा का, ते आकड्यांनी पाहू. धातुकाचेचा अपवर्तनांक २.५ आणि विलोपनांक (प्रकाश आत किती झपाट्याने विझतो याचा आकडा) ३.५ धरला (दृश्य प्रकाशात हे आकडे अवास्तव नाहीत), तर ६०० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे चौदा नॅनोमीटर आत शिरेपर्यंत त्याची तीव्रता एक-तृतीयांशाच्या आसपास उतरलेली असते. म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यातल्या वरच्या पन्नासेक अणुथरांशीच प्रकाशाची गाठ पडते. याच आकड्यांवरून स्वच्छ पृष्ठभागाचे परावर्तन ५९ टक्के येते. आता त्यावर झिर्कोनियम ऑक्साइडचा पाच नॅनोमीटरचा थर धरू. हवेत ठेवलेल्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूवर काही नॅनोमीटरचा असा थर आपोआप धरतोच. परावर्तन ५७ टक्क्यांच्या थोडे खाली उतरते. थोडे तापवून हा थर वीस नॅनोमीटर केला तर ते ४४ टक्के होते. धातू तोच, काच तीच, आणि पंधरा टक्के प्रकाश एका न दिसणाऱ्या पापुद्र्याने खाल्ला. दोन प्रयोगशाळांचे आकडे पाच टक्क्यांनी वेगळे आले की मिश्रधातूच्या प्रमाणात कारण शोधायची घाई होते. आधी तुकडा किती दिवस कपाटात पडून होता ते विचारावे.

या पापुद्र्याला पकडायचे साधन द्रूद यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिले. तिरप्या कोनातून ध्रुवित प्रकाश टाकायचा आणि परावर्तनानंतर त्याच्या ध्रुवणाचा आकार कसा बदलला ते पाहायचे. पुढे या यंत्राला एलिप्सोमीटर हे नाव पडले. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक तरंगलांबीला एकच आकडा देतो, एलिप्सोमीटर दोन देतो, म्हणून अपवर्तनांक आणि विलोपनांक दोन्ही एकदम काढता येतात. धातूंसाठी कोन सत्तर-पंचाहत्तर अंशांचा ठेवतात, तिथे यंत्र सर्वाधिक संवेदनशील असते. एका नॅनोमीटरच्या थराचाही त्याला पत्ता लागतो. पण हे सामर्थ्यच घात करते. खाली अनोळखी धातू आणि वर अनोळखी जाडीचा ऑक्साइड असेल तर दोन आकड्यांतून तीन-चार अज्ञात काढायचे असतात. संगणक कुठलेतरी उत्तर काढून देतोच, आणि आलेख मोजमापावर सुरेख बसतो. थराची जाडी वेगळ्या मार्गाने, म्हणजे क्ष-किरणांच्या परावर्तनाने किंवा इलेक्ट्रॉन वर्णपटाने, तपासली नसेल तर त्या सुरेखपणावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरा रस्ता क्रामर्स आणि क्रोनिग यांच्या १९२६-२७ सालच्या गणिताचा. सर्व तरंगलांबींचे परावर्तन माहीत असेल तर गमावलेली कला-माहिती (परतलेली लाट किती मागेपुढे सरकली ती) त्यातूनच परत मिळवता येते. अडचण "सर्व" या अटीत आहे. प्रयोगशाळेत एक तुकडा मोजला जातो, बाकीचा अंदाजाने जोडावा लागतो. अवरक्ताच्या टोकाला हागेन-रूबेन्सचे सूत्र धातुकाचेसाठी चांगले चालते, तिथे फारसा धोका नाही. अतिनीलाच्या टोकाला कोणती शेपटी जोडली यावर दृश्य भागातले उत्तर हलते. बरी प्रयोगशाळा दोन्ही रस्त्यांनी जाते. ज्या धातुकाचांत पॅलेडियम किंवा प्लॅटिनम मुख्य आहे तिथे ऑक्साइडचा जाच कमी, म्हणून तिथली मोजमापे मला सर्वांत भरवशाची वाटतात.

सोन्याकडे मात्र वेगळे पाहावे लागते. सोन्याचा पिवळेपणा हा एका ठळक वळणाचा परिणाम आहे. साधारण ५२० नॅनोमीटरच्या खाली, म्हणजे निळ्या बाजूला, सोन्यातले आतले इलेक्ट्रॉन वर उडी मारू लागतात आणि परावर्तन कोसळते. निळे गेले की उरते पिवळे. २००५ मध्ये यान श्रोअर्स, जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी सोन्याची ठोकळ्यात ओतता येणारी धातुकाच जाहीर केली: सोने ४९, तांबे २६.९, सिलिकॉन १६.३, चांदी ५.५, पॅलेडियम २.३. हे आकडे अणूंचे आहेत. सोन्याचा अणू जड, म्हणून वजनात तेच सोने ७६ टक्के भरते, म्हणजे अठरा कॅरटच्या हिशेबात चोख बसते. कठीणपणा नेहमीच्या अठरा कॅरटच्या दुपटीहून जास्त. आणि १२८ अंश सेल्सियसच्या पुढे हा पदार्थ मऊ पडतो, त्यामुळे प्लास्टिकसारखा साच्यात दाबता येतो. सोनाराला ओरखडे न पडणारे सोने मिळाले तर आणखी काय हवे?

पण रंग हातून गेला. निम्मे अणू परके आहेत आणि रांगा मोडलेल्या, त्यामुळे ते ठळक वळण बोथट झाले. हा धातू फिकट, पांढरटाकडे झुकलेला दिसतो. त्याहून मोठी अडचण पुढे उभी राहिली. रंगमापकाने उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा असे तीन आकडे नोंदवायचे आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचे, अशा साध्या चाचण्या जर्मनीतल्या श्वेबिश ग्म्युंड इथल्या मौल्यवान धातूंच्या संशोधन संस्थेत आणि झारलँड विद्यापीठात झाल्या. या काचेचा रंग खोलीच्या तापमानालाही बदलत जातो, शरीराच्या उबेत अधिक वेगाने. अठरा कॅरटच्या सोन्याने असे झाकोळणे हे सोनारकीच्या सगळ्या अनुभवाविरुद्ध. सूक्ष्मदर्शकाखाली कारण सापडले: सिलिकॉनचे आतल्या आत ऑक्सिडीकरण होते, त्याच्या संगतीने तांबेही मूळ मिश्रणातून सुटते, आणि पृष्ठभागावर वेगळाच थर वाढतो. जे सिलिकॉन या मिश्रणाला काच बनवते तेच त्याचा रंग घालवते. रंगाचे हे तीन आकडे भौतिकशास्त्रज्ञाला किरकोळ वाटतील. माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातले सर्वांत प्रामाणिक मोजमाप हेच आहे, कारण पृष्ठभाग बदलतो आहे हे त्यात आधीपासून गृहीत धरलेले आहे आणि काळ हा मोजमापाचाच भाग आहे.

तापलेल्या धातुकाचेचा प्रकाश हा उपविषय थोडक्यात आटोपता येईल. अधांतरी तरंगत ठेवलेल्या थेंबाचे तापमान त्याला स्पर्श न करता मोजायचे तर त्याने सोडलेल्या प्रकाशावरून मोजावे लागते, आणि त्यासाठी उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग किती सहज प्रकाश सोडतो ते, माहीत हवी. स्थिरविद्युत क्षेत्रात थेंब तरंगवून, वितळवून आणि आपोआप थंड होऊ देऊन व्हिट्रेलॉय-१ ची एकूण उत्सर्जकता आणि विशिष्ट उष्णता १९९५ मध्ये काढली गेली. पात्राच्या भिंती नसल्यामुळे थेंब गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाऊनही द्रवच राहतो, म्हणून ही सोय. आता लेझरने धातुकाचेची पूड वितळवून वस्तू छापण्याचे काम वाढले आहे. तिथे सपाट तुकड्यावर मोजलेले शोषण वापरलेले दिसते. ते चूक आहे. पुडीच्या ढिगात प्रकाश कणाकणांवर आपटत राहतो आणि सपाट तुकड्याच्या मानाने बराच जास्त शोषला जातो.

काच तापवल्यावर स्फटिक बनते तेव्हा परावर्तन किती बदलते, हा प्रश्नही अनेकांनी हाताळला. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत जर्मेनियम-अँटिमनी-टेलुरियमचा थर असतो, त्याची काच आणि स्फटिक यांच्या परावर्तनात मोठी दरी आहे. त्या दरीवरच ते तंत्र उभे राहिले. पण तिथे अणूंमधल्या बंधांचा स्वभावच बदलतो. धातुकाच स्फटिक झाली तरी धातूच राहते, फरक बहुधा काही टक्क्यांचा. म्हणून स्फटिकीकरणाचा माग काढायला क्ष-किरण, उष्णतामापन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हीच साधने पुढे राहिली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी झिर्कोनियमच्या धातुकाचांच्या स्फटिकीकरणावर जे काम केले त्याचा भरही याच साधनांवर होता. अणुभट्टीच्या इंधननळ्यांमुळे झिर्कोनियम हा त्यांच्या घरचाच धातू.

इथवरचा आढावा काहीसा उदास करणारा आहे: परावर्तन मध्यम, रंग करडा, मोजमाप पापुद्र्याच्या दयेवर. कणसीमा नसण्याला किंमत येते अशा दोन ठिकाणी मात्र चित्र पालटते.

पहिले ठिकाण चुंबकीय प्रकाशतबकडीचे. चुंबकित पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण किंचित वळते, हे जॉन केर यांनी १८७७ मध्ये पाहिले. हे वळण अंशाच्या काही दशांशांइतके असते. त्यावरून शून्य की एक हे वाचायचे तर पार्श्वभूमी अतिशय शांत हवी. मँगनीज-बिस्मथच्या स्फटिकी थरांत वळण चांगले मिळायचे, पण प्रत्येक कणसीमा स्वतःचा गोंगाट त्यात मिसळायची. १९७३ मध्ये आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत प्रवीण चौधरी, जेरोम कुओमो आणि रिचर्ड गॅम्बिनो यांनी गॅडोलिनियम-कोबाल्टचे अस्फटिक थर पुढे आणले. चौधरी मूळचे लुधियानाचे. या थरांत सीमा नव्हत्या, म्हणून तो गोंगाटही नव्हता. पुढे टर्बियम-लोह-कोबाल्टच्या अस्फटिक थरांवर चुंबकीय प्रकाशतबकड्या निघाल्या. सोनीची १९९२ ची मिनिडिस्क त्यांतलीच. या तिघांना १९९५ मध्ये अमेरिकेचे तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. बाजारात पोहोचलेली ही धातुकाच ठोकळा नव्हती, फितही नव्हती. तो शंभर नॅनोमीटरच्या मागेपुढे जाडीचा लेप होता, आणि तो झाकलेला होता. ऑक्साइडचा प्रश्न संरक्षक थराखाली पुरून टाकलेला.

दुसरे ठिकाण दक्षिण फ्रान्समधल्या कादाराश इथे उभ्या राहत असलेल्या ईटर या संलयन भट्टीचे. भारत या प्रकल्पात २००५ पासून आहे, आणि आपल्याकडचे काम गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेमार्फत चालते. भट्टीच्या आतला प्लाझ्मा पाहायचा तर त्याचा प्रकाश बाहेर काढावा लागतो, आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यामुळे सरळ खिडकी ठेवता येत नाही. म्हणून आत धातूचे आरसे बसवून प्रकाश वळणावळणाने आणायचा. सर्वांत पुढच्या आरशावर प्लाझ्मातून निसटलेले अणू सतत आपटतात आणि धातू झिजवतात. नुसत्या झिजण्याने आरसा बिघडत नाही. बिघडतो तो असमान झिजण्याने. नेहमीच्या धातूत प्रत्येक कणाची दिशा वेगळी, आणि झिजण्याचा वेग दिशेवर अवलंबून, त्यामुळे वेगवेगळ्या दगडांची फरशी वर्षानुवर्षांच्या पायांनी उंचसखल व्हावी तसा पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि प्रकाश विखुरतो. यावर मान्य झालेला उपाय म्हणजे आख्खा आरसा एकाच मॉलिब्डेनम स्फटिकाचा करायचा, किंवा ऱ्होडियमचा अतिसूक्ष्म कणांचा लेप द्यायचा. एकस्फटिकी आरसा महाग असतो आणि त्याच्या आकाराला मर्यादा असते.

युक्रेनमधल्या खारकीवच्या भौतिक-तंत्र संस्थेत व्लादिमिर वोइत्सेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरा पर्याय तपासला. कण नकोत तर कण नसलेलाच धातू घ्यावा. व्हिट्रेलॉयचे आरसे त्यांनी ड्युटेरियमच्या आयनांच्या माऱ्यात ठेवले, ठरावीक अंतराने बाहेर काढून परावर्तन मोजले, एलिप्सोमीटरखाली पाहिले, पुन्हा आत ठेवले. बराच धातू झिजूनही पृष्ठभाग गुळगुळीत राहिला. झिजवण्याच्या कसोटीला धातुकाच उतरली.

परावर्तन बदलले ते दुसऱ्या कारणांनी. एक म्हणजे ऑक्साइडचा तोच जुना थर, ज्याची जाडी आणि घडण आयनांच्या माऱ्याने बदलते. दुसरे असे की झिर्कोनियम आणि टायटॅनियम दोघेही हायड्रोजनचे भुकेले. मिश्रधातू ड्युटेरियम पोटात साठवते आणि त्यासोबत फुगण्या-तडकण्याचा धोका येतो. व्हिट्रेलॉय-१ चे काच-संक्रमण तापमान ३५० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. मॉलिब्डेनमला जिथे काहीच वाटत नाही तिथे हिच्या अणूंची मांडणी सैल व्हायला लागते. त्यात वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा. म्हणून ईटरच्या मुख्य पसंतीत आजही मॉलिब्डेनम आणि ऱ्होडियमच आहेत.

मला या कामातून निघणारा रस्ता झिर्कोनियम सोडण्याचा दिसतो. हायड्रोजनला न भुलणारी, ऑक्साइड फारसा न धरणारी आणि उष्णता सोसणारी धातुकाच हवी. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या काचा ऑक्साइडच्या कसोटीला उतरतात, पण त्या बहुधा फॉस्फरस किंवा सिलिकॉनवर उभ्या असतात, आणि पॅलेडियम हायड्रोजन पिण्यात झिर्कोनियमपेक्षा फारसे मागे नाही. टंगस्टन, टँटलम, निओबियम यांसारख्या उष्णतासह धातूंच्या काचा ठोकळ्यात ओतणे कठीण, पण निर्वातात लेप म्हणून त्या चढवता येतात. तिथे तीन मोजमापे एकाच नमुन्यावर व्हायला हवीत: माऱ्याआधीचे आणि माऱ्यानंतरचे परावर्तन, वरच्या थराची स्वतंत्रपणे मोजलेली जाडी, आणि लेपाची रोधकता. शेवटचे मोजमाप काही मिनिटांचे आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळले जाते.